दहा मिनिटांनी दाराला कडी? अकरावी फिजिक्सच्या नियमावलीवरून

परळीखोरे
काल संध्याकाळी पोरीच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिजिक्सच्या सरांची नियमावली लेखी आली, नियम आधीपासनं चालूच आहेत, आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. थोडक्यात सांगतो. तास सुरू झाला की दहा मिनिटांनी दाराला आतून कडी, कारण काहीही असो. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, एक दिवस उशिरा आलं की दोन मार्क कट. युनिट टेस्ट बुडली तर परत मिळणार नाही. कॅल्क्युलेटर दिसला तर जप्त, फक्त लॉग टेबल, म्हणजे गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीनं करायचा छापील तक्ता. आणि शेवटचं, दुसऱ्याचं रीडिंग उतरवलेलं सापडलं तर अख्खं प्रॅक्टिकल पुन्हा.

आता माझं ऐका. गावातनं साताऱ्याला तिच्या वेळेची एकच गाडी. उन्हाळ्यात ती सात दहाला स्टँडवर पोचते, पावसाळ्यात रस्त्यावर दगडमाती आली की साडेसात, पावणेआठ, काही सांगता येत नाही. तास सात चाळीसला. स्टँडवरनं कॉलेज चालत पंधरा मिनिटं. मागच्या आठवड्यात तीन दिवस ती भिजलेल्या कपड्यांनी व्हरांड्यात बसून राहिली आणि आत वर्ग चालू. सरकारनं मुलींना पास फुकट दिलाय, चांगलंच केलंय, पण पासानं गाडी लवकर येत नाही. कर्मवीर अण्णांनी 1919 ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, ते कशासाठी? खेड्यातलं पोर शिक्षणापर्यंत पोचावं म्हणून. आणि त्याच साताऱ्यात आपण पोचलेल्या पोराला कडी लावतोय.

मिरजेचे मास्तर
दादा, तुमची तळमळ कळते, पण नियम लिहिणारा माणूस दुष्ट नाही एवढं ध्यानात घ्या. मी 22 वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय. वर्गात शंभरावर पोरं, तास पंचेचाळीस मिनिटांचा, त्यात हजेरी. फळ्यावर प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूचा मार्ग, चाललंय, एक्स झाला, आता वाय काढायला घेतला की दारातनं "मे आय कमिन सर". दोन मिनिटांनी अजून तिघं. जी पोरं वेळेवर येऊन पुढचा बाक धरून बसलीत त्यांचा धागा तुटतो तो तुटतोच, मग मी पहिल्यापासनं घेतो आणि तास संपतो आणि डेरिव्हेशन उद्यावर जातं. शिवाय उशिरा येणारे सगळे एसटीचे नसतात हो, निम्मे गेटसमोर वडापावच्या गाड्यावर उभे असतात, मी स्वतः बघतो. आणि 75 टक्के हजेरी बोर्ड मागतं, मी माझ्या मनानं काढलेली नाही.

परळीखोरे
सर, मग वडापाववाल्यांना कडी लावा की. त्यांची शिक्षा माझ्या पोरीला का? तुम्हीच म्हणताय तुम्ही बघता, म्हणजे कोण कुठनं येतंय हे तुम्हाला माहिती आहे.

तासगावकर
हे कडीबिडी सगळं आमच्यासारख्यांच्या पोरान्लाच हाय बघा. माझा पुतण्या बारावीला कॉलेजात फक्त नावाला, दिवसभर खाजगी क्लासात, कॉलेजचं तोंड बघितलं ते थेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. हजेरी भरल्याली. जर्नल क्लासवाल्यांनीच तयार दिलं, ह्यानं फक्त नाव टाकलं. त्याला कुणी कडी लावली? आणि आमचा धाकटा रोज कॉलेजला जाणारा, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला दोन दिवस घरी राहिला कारण वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावायला माणूस मिळंना, एक दिवस चुकला तर पुढं बाग मागंपुढं फुटती, तर नेमकी त्याच दिवशी युनिट टेस्ट. शून्य. विचारायला गेलो तर म्हणं नियम सगळ्यांना सारखा. कुठं सारखा हाय वो?

मिरजेचे मास्तर
कॉलेज आणि क्लासच्या टायअपचं तुम्ही बोललात ते खोटं नाही. आमच्याच स्टाफरूममध्ये त्यावरून भांडणं झालीत आणि मी हरलोय. पण म्हणून जे वर्गात आहेत त्यांनाही मोकळं सोडायचं का?

विट्याचा इंजिनियर
कडीचं तुम्ही बघा, मला त्या लॉग टेबलचं बोलायचंय. आजच्या जमान्यात पोराच्या हातातनं कॅल्क्युलेटर काढून घेऊन लॉग टेबल देणं म्हणजे ट्रॅक्टर असताना नांगराला जुंपणं. नेपियरनं 1614 ला लॉगॅरिदम आणले तेव्हा खगोलवाल्यांचं आयुष्य सोपं झालं, मान्य, पण ती त्या काळची गरज होती. मी बारावीला असताना प्लँकचा कॉन्स्टंट आला की दहाचा उणे चौतीसवा घात, मग कॅरेक्टरिस्टिक, म्हणजे लॉगचा पूर्णांक, उणे म्हणून वर रेघ देऊन बार 34, मग त्यात बेरीज-वजाबाकी करताना बार सुटला की गणित गेलं. फिजिक्स सगळं बरोबर, उत्तर चूक. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट मला आवडायचा, तो त्या बारपायी नावडता झाला. इंजिनियरिंगला पहिल्या दिवशी सायंटिफिक कॅल्क्युलेटर हातात आला आणि वाटलं दोन वर्षं कशात घालवली आपण.

मिरजेचे मास्तर
बोर्डाच्या पेपरवर छापलेलं असतं, लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. वर्षभर कॅल्क्युलेटर वापरू दिला आणि फेब्रुवारीत काढून घेतला तर पोरगं काय करणार? सर तोच सराव आधीपासनं करून घेतायत, ह्यात जुलूम कुठला?

विट्याचा इंजिनियर
मग बोर्डाला सांगा. आणि सीईटीचं, इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, काय? तिथं फिजिक्सचे 50 प्रश्न, केमिस्ट्री धरून शंभर, 90 मिनिटांत. तिथं तुमचं लॉग टेबल उघडायला वेळ कुणाला आहे? तिथं पोरगं तोंडी अंदाज बांधतं, गुरुत्वत्वरण 9.8 चं 10 धरतं आणि पर्याय निवडतं. म्हणजे तुम्ही जे शिकवताय ते ना सीईटीला उपयोगी ना पुढं नोकरीत.

गावभाग सांगली
अहो तुम्ही लॉगवर कुठं गेलात. मला जर्नलच्या दोन मार्कांचं सांगायचंय. 2019 च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, आमच्या घरात पहिल्या मजल्याला पाणी लागलं. मुलगा बारावीला. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर जर्नलची पानं एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेला, शाई सगळी निळी पसरलेली. चार प्रयोग लिहून झाले होते. कॉलेज उघडल्यावर मॅडमनी विचारलं सबमिशन कुठंय, याने सांगितलं, त्या म्हणाल्या इतरांनी कसं वाचवलं. तो घरी येऊन काही बोलला नाही, रात्री दोन वाजता उठून बघते तर हॉलमध्ये नवं जर्नल घेऊन मित्राचं उतरवून काढतोय. म्हणजे पोराला खोटं रीडिंग लिहायला कुणी शिकवलं? त्या दोन मार्कांनी शिकवलं.

कोरेगावचा
काकू, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि त्या मॅडमचं चुकलंच. पण तोच शेवटचा नियम, रीडिंग उतरवायचं नाही, त्याच्यामुळं मी आज फिजिक्सात आहे म्हणून सांगतो. अकरावीला सिंपल पेंड्युलम, म्हणजे लंबक. एक मीटर दोरी, वीस ऑसिलेशन, म्हणजे झोके. माझा जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, आला 10.87. सगळ्यांचा 9.8, कारण सगळ्यांनी उलटं गणित केलेलं, आधी उत्तर मग रीडिंग. मीही कुक करायला बसलो तर सरांनी वही ओढली आणि म्हणाले, हे 10.87 खोडायचं नाही, हे कुठनं आलं ते शोध. दुपारचे तीन तास लॅबमध्ये ठेवलं. मला वाटलं दोरी चुकली, मग वाटलं बॉबची, दोरीच्या गोळ्याची, त्रिज्या धरायची राहिली, पण त्यानं एखाद टक्काच फरक पडतो. शेवटी सर शेजारी उभे राहिले आणि म्हणाले मोज. मी स्टॉपवॉच दाबलं आणि म्हटलं "एक". तिथंच थांबवलं. सुरुवातीला शून्य म्हणायचं असतं. मी वीस म्हणून एकोणीसच ऑसिलेशन मोजत होतो. टी, म्हणजे एका झोक्याचा वेळ, पाच टक्के कमी, जी काढताना टीच्या वर्गानं भागतो म्हणून जी दहा टक्क्यांच्या वर जास्त. तो दिवस मी विसरणार नाही. जर सरांनी "चालतंय रे" म्हटलं असतं तर मला 9.8 मिळाला असता आणि काहीच कळलं नसतं.

परळीखोरे
तुमच्या सरांनी तुम्हाला तीन तास लॅबमध्ये ठेवलं. माझ्या पोरीला तीन दिवस बाहेर ठेवलं. फरक दिसतोय का?

कोरेगावचा
दिसतोय. दाराबद्दल मी बोललोच नाही.

मिरजेचे मास्तर
आणि ह्याच पेंड्युलमचं बरोबर उत्तर 9.81 लॉगनं काढून बघा इंजिनियर साहेब. एक मीटर दोरीला जी म्हणजे चार पाय वर्ग भागिले टी वर्ग. चार पाय वर्ग 39.48, लॉग 1.5964. टी वर्ग 4.024, लॉग 0.6047. वजा केलं 0.9917, अँटिलॉग, म्हणजे लॉगवरनं परत मूळ आकडा, 9.81. चार ओळी. कॅल्क्युलेटरवाला पोरगा 9.8111332 लिहून आणतो आणि त्याला विचारलं की बाबा तुझं स्टॉपवॉच सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, हे सात आकडे कुठनं आणलेस, तर तोंडाकडं बघतो. लॉग टेबल चार आकडी असल्यामुळं पोरगं आपोआप जागेवर राहतं. ही शिस्त आहे, मागासपणा नाही.

विट्याचा इंजिनियर
सिग्निफिकंट फिगर, म्हणजे किती आकडे खरे धरायचे, ते शिकवायचे असतील तर सिग्निफिकंट फिगर शिकवा, त्यासाठी हात बांधायची काय गरज? माझी बहीण मराठी मिडियमची. दहावीपर्यंत त्वरण, विस्थापन, जडत्व, अकरावीला एका दिवसात अ‍ॅक्सलरेशन, डिस्प्लेसमेंट, इनर्शिया. ती आधी भाषेशी झगडत होती, त्यात लॉग टेबलातलं मँटिसा आणि मीन डिफरन्सचा कॉलम. कुणी थांबून सांगितलं नाही. सहा महिन्यांत सायन्स सोडून आर्ट्सला गेली. आणि तिला दहावीत विज्ञानात वर्गात सगळ्यात जास्त होते. मास्तर, तुमच्या शिस्तीत अशी किती पोरं गळाली ते कधी मोजलंत का? पगार महिन्याच्या महिन्याला होतोच आहे.

मिरजेचे मास्तर
पगारावर येऊ नका. मी रविवारी घरी आठ-दहा पोरं बसवतो, फुकट, मराठी मिडियमचीच, आणि त्यांना त्वरण म्हणूनच शिकवतो आणि मग अ‍ॅक्सलरेशन सांगतो. तुमच्या बहिणीचं झालं ते चूक झालं, पण त्याचा राग लॉग टेबलवर काढताय.

विट्याचा इंजिनियर
पगाराचं मागं घेतो. बाकीचं नाही.

तासगावकर
लॉग ऱ्हाऊ द्या बाजूला, आमच्या शून्याचं काय?

गावभाग सांगली
परत टेस्ट घ्यावी, अवघड पेपर काढून घ्यावी, पण घ्यावी. शून्य हा त्या पोराला काय येतं त्याचा मार्क नाही, तो शेतात होता त्याचा मार्क आहे.

मिरजेचे मास्तर
शंभर पोरांची फेरपरीक्षा, दुसरा पेपर, पुन्हा तपासणी, हे कोण करणार ते कुणी विचारत नाही. तरी ठीक आहे, महिन्याच्या शेवटी एकच दिवस ठेवून बुडालेल्या सगळ्यांची एकत्र घेता येईल. हे होण्यासारखं आहे. दाराचं मात्र मला अजून पटत नाही, एकाला सोडलं की सगळे एसटीनं येणारे होतात.

परळीखोरे
त्याला उपाय आहे. गाडी स्टँडवर किती वाजता लागली याची नोंद वाहतूक नियंत्रकाकडं असते. मी आज सकाळी जाऊन विचारून आलो. सरांना शंका असेल त्या दिवशीची वेळ मी स्वतः लिहून आणून देईन, वडापाववाला ती आणू शकणार नाही. गाडी उशिरा असेल तर पोरीला मागच्या दारानं, काही न बोलता, शेवटच्या बाकावर बसू द्या. परवा रीडिंगवरनं तिचंही प्रॅक्टिकल सरांनी पुन्हा करायला लावलं, व्हर्निअर मापकाची झिरो एरर, म्हणजे शून्यावरच दिसणारी मापकाची चूक, तिनं मैत्रिणीची उतरवली होती. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, तिचं चुकलं आणि सरांचं बरोबर होतं. सोमवारी तिच्याबरोबर त्याच गाडीनं जातोय सरांना भेटायला.

मिरजेचे मास्तर
मागच्या दाराचं त्यांना सांगून बघा. माझ्या वर्गाला मागं दार नाही, पण पुढचं दार मी दहाऐवजी वीस मिनिटांनी लावेन, पावसाळ्यापुरतं.

विट्याचा इंजिनियर
आणि कॅल्क्युलेटर?

मिरजेचे मास्तर
नाही.