क्रिएटिन घेत असताना रक्तातील क्रिएटिनिन वाढले, तर काय समजावे?

प्रश्न

मी ४०० मीटर धावण्याचा सराव करतो आणि त्याला जोड म्हणून वजने उचलतो. प्रशिक्षकांच्या सल्ल्याने क्रिएटिन मोनोहायड्रेट (क्रिएटिन या पूरकाचा नेहमीचा प्रकार) रोज ५ ग्रॅम घेऊ लागलो. आता रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी मोजला जाणारा टाकाऊ पदार्थ) मर्यादेच्या किंचित वर आले आहे आणि वजनही वाढले आहे. घरच्यांना मूत्रपिंडाची काळजी वाटते, त्यामुळे ते बंद करण्याचा आग्रह आहे. या पूरकाचा माझ्यासारख्या धावपटूला खरोखर उपयोग आहे का, आणि हा अहवाल कितपत गंभीर समजावा?

पहिला प्रतिसाद

आधी उपयोगाविषयी. स्नायू आकुंचन पावताना एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा देणारे द्रव्य, खर्च होते आणि त्याचा साठा काही सेकंदांत संपण्याइतकाच असतो. तो तत्काळ भरून काढण्याचे काम फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूंत साठवलेले क्रिएटिनचे रूप, करते. म्हणून पूर्ण ताकदीने केलेले छोटे प्रयत्न, थोडी विश्रांती आणि पुन्हा तसाच प्रयत्न, अशा व्यायामात क्रिएटिनचा लाभ सर्वाधिक दिसतो. तुमच्या शर्यतीत सुरुवातीचे काही सेकंद सोडले, तर बराचसा भार ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेवर, पडतो; तेव्हा शर्यतीच्या वेळेत मोठ्या सुधारणेची अपेक्षा ठेवू नये. खरा फायदा सरावात आहे, कारण प्रत्येक संचात एखाद-दुसरी आवृत्ती अधिक झाली, की काही महिन्यांत तिचा परिणाम ताकदीवर आणि स्नायूंच्या वाढीवर होतो. व्यायामाशिवाय नुसती पावडर घेऊन स्नायू वाढत नाहीत, हे मी आवर्जून सांगतो.

सुरुवातीला वाढलेले एक-दोन किलो वजन ही चरबी नसते. क्रिएटिनबरोबर स्नायूंच्या पेशींत पाणी शिरते, त्याचेच ते वजन असते.

दुसरा प्रतिसाद

अहवालाबद्दल घाबरून जाऊ नका, पण तो बाजूलाही ठेवू नका. शरीरातील क्रिएटिनपैकी सुमारे १ ते २ टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये रूपांतरित होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. साठा वाढला की हे प्रमाणही वाढते, म्हणजे मूत्रपिंडे व्यवस्थित काम करत असतानाही आकडा वर जाऊ शकतो. अधिक स्नायू, आदल्या दिवशीचा कठोर व्यायाम आणि शिजवलेले मांस यांनीही तो वाढतो. मात्र केवळ या तर्कावर विसंबून स्वतःच निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. क्रिएटिन घेत असल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील एक प्रथिन) ही तपासणी सुचवू शकतात, कारण तिच्यावर क्रिएटिन सेवनाचा तसा परिणाम होत नाही, आणि लघवीतील प्रथिनेही पाहतील. काही आठवडे क्रिएटिन थांबवून पुन्हा तपासणी करणे हाही सरळ मार्ग आहे. निरोगी प्रौढांत शिफारस केलेल्या प्रमाणाने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. पण ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीपासून आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मुळीच सुरू करू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे, डॉक्टरांची भेट ठरवली आहे. पुढे ते चालू ठेवायचे झाल्यास, पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम घेण्याची पद्धत आवश्यक आहे का?

तिसरा प्रतिसाद

आवश्यक नाही. २० ग्रॅम चार भागांत विभागून ५ ते ७ दिवस घेतल्यास स्नायूंतील साठा लवकर भरतो. रोज ३ ग्रॅम घेतल्यास सुमारे चार आठवड्यांत जवळपास तेवढीच पातळी गाठली जाते, आणि एका वेळी मोठी मात्रा घेतल्यावर काहींना होणारा पोटाचा त्रासही टळतो. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील साठा मुळात कमी असल्याने त्यांना अनेकदा अधिक फरक जाणवतो, तर ज्यांचा साठा आधीच भरलेला असतो त्यांना फारसा जाणवत नाही. मोनोहायड्रेटपेक्षा महाग प्रकार अधिक परिणामकारक असल्याचा भक्कम पुरावा नाही.

तुम्ही स्पर्धेत उतरत असाल, तर आणखी एक. क्रिएटिन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, प्रतिबंधित यादीत नाही, परंतु पूरकांत इतर प्रतिबंधित द्रव्यांची भेसळ आढळते आणि नमुना सदोष निघाल्यास जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेलेच उत्पादन घ्या आणि त्याचा बॅच क्रमांक जपून ठेवा.