‘ब्रिंग इट ऑन’: चोर हरले म्हणून सिनेमा प्रामाणिक ठरतो का?

तिसरी_घंटा
आपल्याकडे बहुतेकांनी चीअरलीडर पाहिल्या त्या २००८च्या आयपीएलमध्ये. त्यामुळे ‘ब्रिंग इट ऑन’ म्हटलं की लोक पोम्पॉमवरच अडकतात. पण पेटन रीडचा पहिला भाग (२०००) मुळात उचलेगिरीवर आहे. सॅन दिएगोच्या सुखवस्तू शाळेतला टोरोज हा चीअरलीडिंगमधला राष्ट्रीय विजेता संघ. नवी कर्णधार टोरन्सला (कर्स्टन डन्स्ट) कळतं की आधीच्या कर्णधाराने रूटीन्स (स्पर्धेसाठी बसवलेले नाच-कसरतीचे कार्यक्रम) ईस्ट कॉम्प्टनच्या क्लोव्हर्सकडून, म्हणजे कृष्णवर्णीय मुलींच्या संघाकडून, जशीच्या तशी ढापली होती. क्लोव्हर्सकडे राष्ट्रीय स्पर्धेला जायला पैसेच नसायचे, म्हणून चोरी पचली. शेवटी क्लोव्हर्स पहिले, टोरोज दुसरे. नायिका हरते आणि ते रास्त वाटतं, असे शाळकरी खेळपट किती आहेत? पुढच्या भागांनी हा कणाच काढून टाकला. माझ्यापुरती मालिका तिथेच संपली.

आडवा_प्रश्न
हरते, पण कॅमेरा कोणाच्या मागे फिरतो? टोरन्सचं घर, तिचं प्रेमप्रकरण, तिची घालमेल, सगळं दिसतं. क्लोव्हर्सच्या आयसिसबद्दल (गॅब्रिएल युनियन) त्याच्या पावपटही कळत नाही. ट्रॉफी क्लोव्हर्सना, सिनेमा टोरोजना!

तिसरी_घंटा
चेकचा प्रसंग विसरलात का? टोरन्स वडिलांच्या कंपनीकडून मदतीचा चेक आणते, आयसिस तो फाडून टाकते. वर बजावते की कीव येऊन हात आखडू नका, नाहीतर आम्ही सरस होतो हे कळणार कसं? पैसे त्या एका टीव्ही सूत्रसंचालिकेला साकडं घालून स्वतः उभे करतात. एवढी ताठ कण्याची प्रतिस्पर्धी अशा सिनेमात कुठे असते?

आडवा_प्रश्न
प्रसंग सुरेख आहे, वादच नाही. म्हणून तर जास्त चुटपुट लागते. ती पात्रं एवढी दमदार, तर सिनेमा त्यांचा का नाही?

रविवारची_कसरत
मग पुढच्या भागांना सरसकट मोडीत काढू नका. ‘ऑल ऑर नथिंग’ (२००६) हा पहिल्याचाच रतीब, कबूल. पण २००९च्या ‘फाइट टू द फिनिश’मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसची लॅटिना मुलगी मालिबूच्या श्रीमंत शाळेत येते आणि नायिका तीच आहे (क्रिस्टिना मिलियन). पटकथा बेताची, थेट डीव्हीडीवर आलेला सिनेमा, पण पहिल्या भागाने कडेला ठेवलेली मुलगी इथे मध्यभागी आली.

घाटमाथा
आणि २०२२चा ‘चीअर ऑर डाय’? त्यात चीअर संघाच्या मागे चक्क खुनी लागलाय. त्यालाही वर्ग-वर्ण लावा आता.

रविवारची_कसरत
त्याचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही :)
खेळाबद्दल मात्र कोणी बोललंच नाही. पहिल्या भागात शाळेचा फुटबॉल संघ सपाटून हरत असतो आणि चीअरलीडर स्वतःच्या विजेतेपदासाठी घाम गाळतात. मिसी (एलायझा डुश्कू) जिम्नॅस्ट आहे. नव्या शाळेत जिम्नॅस्टिक्सचा संघ नाही म्हणून ती नाक मुरडत इथे येते, आणि चोरी ओळखते तीच. यानंतर १० वर्षांनी, २०१०मध्ये, अमेरिकेतल्या एका संघीय न्यायाधीशाने क्विनिपियाक विद्यापीठाला सांगितलं की स्पर्धात्मक चीअर अजून खेळ म्हणून मोजता येणार नाही. ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता आली २०२१मध्ये. सिनेमा या बाबतीत कोर्टाच्या पुढे होता.

आडवा_प्रश्न
हे पटलं. पण धाग्याच्या मूळ प्रश्नावर एक आठवण करून देतो. चोरी उघड झाल्यावर टोरोज काय करतात? स्पार्की नावाच्या नृत्यदिग्दर्शकाकडून रूटीन विकत घेतात. त्या महाभागाने तेच दुसऱ्या संघालाही विकलेलं असतं, आणि प्रादेशिक फेरीत शोभा होते. तरी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळतो, कारण गतविजेते! म्हणजे ढापलेल्या विजेतेपदाच्या जोरावरच. त्यावर सिनेमात कोणी अवाक्षर काढत नाही.

तिसरी_घंटा
हा मुद्दा बिनतोड. पण मग दुसरा नंबरही त्यांच्याकडून काढून घ्यायचा का? नवं रूटीन त्यांनी स्वतः बसवलं होतं.

आडवा_प्रश्न
काढून घ्या. तिसऱ्या आलेल्या संघाला विचारा, काय म्हणतात ते.