मुलांना नमस्कार-रामराम शिकवताना… तुमच्या फजित्या लिहा

सासवडची सायली :
काल लिफ्टमध्ये पार्सलवाला दादा शिरला. आमचं साडेतीन वर्षांचं ध्यान थेट त्याच्या पायाशी वाकलं, "माऊली!" तो बिचारा पिझ्झा सांभाळत भिंतीला चिकटला. हे आजोबांचं शिक्षण, यंदा पालखीला घेऊन गेले होते.
मला माझंच आठवलं. ज्ञानोबांची पालखी सासवडला दोन रात्री असते, तेव्हा आमच्या ओसरीवर वारकरी उतरायचे. मी पाच-सहा वर्षांची. आजी म्हणाली, जा, बाबांच्या पाया पड. मी वाकले तर ते पांढऱ्या मिशांचे आजोबा माझ्याच पायांना हात लावायला खाली! एवढा म्हातारा माणूस पाया पडला म्हणजे मला पाप लागणार, म्हणून कणगीमागे बसून रडले. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात हे आजीने नंतर सांगितलं, पण त्या रात्री जेवले नाही ते नाहीच.
लिहा तुमचेही.

उत्तरेकडचा बंड्या :
म्युनिकला होतो तेव्हा लेक बालवाडीत "ग्र्यूस गॉट" (तिकडचा नमस्कार) शिकली. मग बदली हॅम्बुर्गला. तिथे हे म्हटलं की लोक गालात हसतात, तिकडे सकाळ-संध्याकाळ एकच, "मोइन". आठवड्यात उचललं तिने. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांना जोरात "मोइन!" आजोबा म्हणे, "अगं मोहन नाही, मी अण्णा. मोहन तुझा काका."

पोळ्या लाटतेय :
मोहन!! हसून हसून पुरेवाट. पोळी करपली माझी.

झेडपी मास्तर :
आमच्याकडे वर्गात कोणीही आलं की "एऽऽक साऽऽथ नमस्ते". पहिलीतली एक पोर घरी सिलिंडरवाला आला तरी उभी राहून हेच म्हणते, एकटीच. आई विचारते, एकसाथ कोणाबरोबर?
आधी पालघरकडे होतो. पहिल्या दिवशी मी नमस्ते शिकवत होतो, पोरं नुसती बघत होती. सुट्टी झाल्यावर एक जण दारातून मागे वळून म्हणाला, "जोहार गुरुजी." दुसऱ्या दिवसापासून मीच जोहार म्हणायला लागलो, मग कुठे तोंडं उघडली.

नागपुरी संत्रं :
आमच्या वस्तीत सकाळी दूध आणायला गेलं तरी दहा जय भीम होतात. आमचे आजोबा कामठीचे, त्यामुळे हे कामठीच्याच बाबू हरदासांनी, बाबासाहेबांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी, रूढ केलं हे ते पाहुण्यांना सांगितल्याशिवाय चहा देत नसत. मी शाळेत पहिल्याच दिवशी बाईंना हात जोडून जय भीम केला. बाई काहीच बोलल्या नाहीत, वर्गही गप्प. घरी येऊन विचारलं, माझं काय चुकलं? बाबा म्हणाले, "काही नाही. उद्या परत म्हण."
म्हटलं. चौथ्या दिवशी बाईंनी मान हलवली.
आता माझी लेक आजीला जय भीम, वरच्या मजल्यावरच्या चाचांना सलाम आलेकुम आणि कुत्र्याला गुड मॉर्निंग करते. कुत्र्याला मराठी येत नाही म्हणे.

सासवडची सायली :
@संत्रं, बाबांना माझा जय भीम सांगा.

दोन पोरांची आई :
माझा मोठा लाजाळू. पाहुणे आले की "नमस्कार कर बाळा" चा गजर आणि हा माझ्या ओढणीत. एकदा एका आत्यांनी गाल ओढून "वळण नाही लावलं" ऐकवलं. तेव्हापासून त्याला सांगितलंय, हात जोड, टाळी दे नाहीतर नुसतं हस, तुझं तू ठरव. बहुतेकदा टाळी देतो. आत्यांनाही दिली, त्यांनी दिव्याकडे बघावं तसं हाताकडे बघितलं.

जुना सभासद :
आमच्या वेळी ठरवायबिरवायचं नव्हतं. शुभंकरोति झालं की देवापासून सुरुवात करून घरातल्या अकरा जणांना वाकून नमस्कार. काकांचा पाय नेमका पेपराखाली असायचा, शोधावा लागे.

पोळ्या लाटतेय :
काका, पण अकरा आशीर्वाद पण मिळायचे ना? आमच्याकडे फक्त "हं".
आणि निघताना "जातो" म्हटलं की आजी दारातून परत आत बोलवायची. पाणी पी, मग "येतो" म्हण, मग जा. माझी एसटी चुकलीय यात. आता माझा मुलगा बाथरूमला जातानाही "येतो हं" म्हणतो.

उत्तरेकडचा बंड्या :
सायली, सासवडला नक्की कुठे? माझं आजोळ तिकडचंच. मीठा बहारचे (उन्हाळी) अंजीर मिळतात का अजून त्या चौकातल्या टोपल्यांत?

सासवडची सायली :
मिळतात की, पण उन्हाळ्यात ये. घर सोपानकाकांच्या देवळाच्या बाजूला. फक्त आधी कळव. ध्यान दारातच पाया पडेल, हातातली टोपली खाली ठेवूनच बेल वाजव.

दोन पोरांची आई :
अंजिराची बर्फी कोणाला येते का? पाककृती टाका ना.