फ्रान्स: दोघांसाठी निवांत ट्रेनप्रवास, मार्ग सुचवा

कोरांटी: सप्टेंबरात 12 रात्री, पॅरिस ते पॅरिस. दोघंही साठीच्या पुढे. पॅरिस बघून झालंय. गाडी चालवायची नाही, रोज बॅगा भरायच्या नाहीत. लहान गावं, बाजार, द्राक्षमळे हवेत. तिकिटं आधी काढावीत का? शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

रूळबदल: मोठे मुक्काम दोनच करा. दिजों शहरात 5 रात्री, दक्षिणेकडच्या आव्हिन्योंत 6, शेवटची एक पॅरिसमध्ये (विमानाच्या दिवशीच लांबून ट्रेननं येणं नको, संप झाला की पंचाईत).

पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्हीनं, म्हणजे वेगवान गाडीनं, दिजों साधारण दीड तास. तिथून टीईआर, म्हणजे प्रादेशिक गाडी. बोन या गावाला वीस-पंचवीस मिनिटं. जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसा, मळ्यांचा उतार त्याच बाजूला आहे. बोनचा मोठा बाजार शनिवारी सकाळी. रंगीत कौलांचं 1443 सालचं इस्पितळही बाजाराच्या चौकाला लागून. वाटेत न्वी-सें-झॉर्झ या गावी उतरून पायी फिरता येतं.

टीजीव्हीला जागा राखीव असावीच लागते, आणि भाव चढत जातो. ती आधी काढा. टीईआरला घाई नाही, बहुतेक ठिकाणी भाडं ठरलेलंच असतं.

हातपिशवी: रेल्वेच्या ज्येष्ठ सवलत कार्डाच्या नादी लागण्याआधी हिशेब करा. 49 युरो माणशी, म्हणजे दोघांचे 98. सवलत 30 टक्के. वसूल व्हायला सुमारे 327 युरोंची तिकिटं हवीत. तीनच टीजीव्ही आणि तीही आधी काढलेली, तर बहुधा वसूल होणार नाही.

बॅग स्वतःला उचलता येईल एवढीच. छोट्या स्टेशनांवर फलाट बदलायला भुयारी जिने असतात, लिफ्ट असेलच असं नाही. बॅगेवर नावाची चिठ्ठी बंधनकारक आहे.

रूळबदल: एक चूक फार होते: आव्हिन्योंची स्टेशनं दोन. ‘टीजीव्ही’ गावाबाहेर, ‘सांत्र’ तटबंदीसमोर. दोन्हींमध्ये ये-जा करणारी गाडी आहे, पाच-सहा मिनिटं लागतात. हॉटेल तटाच्या आत घ्या, सांत्रपासून पायी. जवळच्या आर्ल गावाची टीईआरही सांत्रहूनच, वीसेक मिनिटं. तिथला मोठा बाजार शनिवारी.

दिजोंहून आव्हिन्योंला जाताना टीईआरनं ल्यों शहराच्या पार-द्यू स्टेशनला, तिथून टीजीव्ही सव्वा तास. पण घाई नसेल तर तिथून रोन नदीच्या काठाकाठाने जाणारी टीईआर घ्या. वाटेतल्या व्हिएन गावी उतरलात तर रोमन देऊळ स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. सामान ठेवायची सोय मात्र धरून चालू नका.

गार द ल्योंला कुठला फलाट ते गाडी सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधीच कळतं, त्यापूर्वी नाही. हॉल 1 मधल्या फलाटांना अक्षरं, हॉल 2 मधल्यांना आकडे. दोन्हींच्या मधोमध उभे राहा. गाडी सुटण्याच्या 2 मिनिटं आधी दारं बंद होतात. दोन गाड्या जोडलेल्या असतील तर डब्याचा क्रमांक बघूनच चढा, आतून पलीकडे जाता येत नाही.

कोरांटी: संपाचं आधी कळतं का?

हातपिशवी: आदल्या दिवशी संध्याकाळी 5 च्या सुमारास दुसऱ्या दिवशीच्या गाड्या जाहीर होतात. तेव्हाच बघा. रविवारी टीईआर तशाही कमी धावतात, मुक्काम बदलायचा दिवस रविवार ठेवू नका.

दुपारचं जेवण 12 ते 2, नंतर स्वयंपाकघर बंद. ‘सालाद द शेव्र शो’, म्हणजे बकरीच्या दुधाचं चीज गरम करून घातलेलं सॅलड, सगळीकडे मिळतं, पण त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मागवताना ‘सां लारदों’, म्हणजे ते तुकडे नकोत, म्हणायचं. कीश लोरेन या अंड्याच्या खाऱ्या पायमध्ये ते असतातच, ती सोडा. ऑम्लेट-बटाट्यावर दिवस जातो, आणि बाजारातल्या पाव-चीज-टोमॅटोवर त्याहून बरा.