अध्यक्ष अंधच हवा, हा हट्टच आहे आमचा

पांढरी_काठी: काल इथे एकाने टाकलं, "अंधांच्या संस्थेला अध्यक्ष अंधच कशाला? काम करणारा माणूस बघा." वर टाळ्याही पडल्या! अहो, १९४० साली अमेरिकेत अंध प्राध्यापक जेकोबस टेनब्रोकने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड उभी केली ती याच भांडणातून. आमच्या वतीने डोळसांनी ठरवायचं आणि आम्ही आभार मानायचे, हे किती दिवस?

मिरजकर: टेनब्रोक राहू दे बाजूला. आमच्याकडच्या संस्थेचा अध्यक्ष अंधच आहे, खुर्ची सोडत नाही. हिशेब मागितला की "डोळसांचं कारस्थान".

पांढरी_काठी: मग पाडा त्याला निवडणुकीत! डोळस अध्यक्ष खुर्चीला चिकटला तर सगळे डोळस नालायक ठरतात का? आम्हाला न विचारता काय होतं ते नोटांत बघा. जुनी शंभरची १५७ मिमी, पाचशेची १६७. बोटांना कळायचं. आता १००, २००, ५०० अनुक्रमे १४२, १४६, १५०, आणि रुंदी सगळ्यांची ६६!

सई_ठाणे: रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखून सांगणारं 'मनी' ॲप आहे की २०२० पासून. नेटही लागत नाही.

पांढरी_काठी: ताई, भर पावसात रिक्षातून उतरताना एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री. फोन कुठल्या हाताने काढू? परवा दोनशे म्हणून शंभर टेकवले मला.

निवृत्त_कॅशियर: पाचशेवर कडेला उठावाच्या पाच रेघा आहेत, शंभरवर चार. शिकून घ्या. आणि विचारलंच नव्हतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पांढरी_काठी: काका, विचारून केलं असतं तर नॅबला, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला, या नोटांसाठी मुंबई उच्च न्यायालयात कशाला जावं लागलं असतं?

मिरजकर: सापडलात! नॅबमध्ये डोळस नाहीत का? मग भांडलं कोण?

पांढरी_काठी: बरं, घ्या हा एक गुण, फ्रेम करून लावा. वीसचं बाराकोनी नाणंही झकास आहे, तेही मान्य. म्हणजे मनात आणलं तर जमतं!

सई_ठाणे: मूळ विषय अध्यक्षाचा होता ना?

निवृत्त_कॅशियर: थांबा हो. रेघांचं आधी मिटू दे. उभा जन्म नोटा मोजल्यात मी.

पांढरी_काठी: मग बाजारात फिरून आलेली पाचशेची घ्या, डोळे मिटा आणि रेघा मोजा.

निवृत्त_कॅशियर: मोजतो. पण नोट कोरी हवी.