टॅक्सकोच्या जुन्या चांदीला उजाळा द्यावा का?

धागाकर्ता: मेक्सिकोतल्या टॅक्सकोचे जुने दागिने जमवणाऱ्यांसाठी. विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन रचनाकाराने १९३१ साली तिथे चांदीकामाची कार्यशाळा काढली. अँटोनिओ पिनेडा, एक्तोर आगिलार हे चांदीकारागीरही टॅक्सकोचेच. या कामातले खोलगट भाग बरेचदा कारागिरानेच गंधकाच्या द्रावणाने काळे केलेले असतात. माझं मत ठाम आहे: उजाळा देऊच नका. सराफाकडच्या ‘डिप’मध्ये, म्हणजे चांदी साफ करायच्या रसायनात, काही सेकंद बुडवलं की तो काळा थर जातो आणि नक्षी सपाट दिसते. बफिंगचं, म्हणजे झिलई देणारं फिरतं चाक कडा गोल करतं, ठसाही झिजवतं. १९४८पासूनचा गरुडाचा ठसा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेची सरकारी खूण, मुळातच बारीक, त्यातला आकडा पुसला गेला की ओळखीचा एक पुरावाच गेला.

रुपेरी: अजिबात पटलं नाही. सगळा काळेपणा कारागिराचा नसतो. उंच, गुळगुळीत भागावर चढलेला आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा थर हवेतल्या गंधकाचा. पिनेडाच्या वळणदार पृष्ठभागांचा जीव त्यांच्या चकाकीत आहे. तो थर तसाच ठेवलात तर काळ्या-पांढऱ्याचा खेळच दिसत नाही, आणि तो खेळ कारागिराने मुद्दाम योजला होता.

धागाकर्ता: ठीक, पण मग काढणार कशाने? रांगोळी आणि टूथपावडर घरोघरी वापरतात, दोन्हींनी ओरखडे पडतात.

रुपेरी: कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश. टिपून पूर्ण कोरडं करायचं. मग चांदी पुसायचं कापड बोटाभोवती ताणून फक्त उंच भागावरून फिरवायचं. कापड ताणलेलं असलं की खाचेत शिरत नाही, तिथला काळा थर राहतो.

सोडाफॉइल: एवढी मेहनत कशाला? अ‍ॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी, लिटरमागे दोन चमचे खायचा सोडा. काळ्या थरातल्या सल्फाइडची (चांदी-गंधकाच्या संयुगाची) पुन्हा चांदी होते, धातू झिजतच नाही.

रुपेरी: रसायन बरोबर आहे, पण त्या पाण्याला मुद्दाम केलेला काळा थर आणि नको असलेला थर यांतला फरक कळत नाही, दोन्ही जातात. पृष्ठभागही मंद पडतो. पिरोजा, मॅलाकाइट जडवलेला असेल तर नकोच, खडे पाणी शोषतात. पोकळ मण्यांत द्रावण अडकतं ते वेगळंच.

धागाकर्ता: कापडापुरतं मान्य, चाक तरीही नको. आणि आधी मागची पिन भिंगातून पाहा. बिजागरीभोवती करडा डाग दिसला तर तो कथलाचा डाख, म्हणजे स्वस्तातली दुरुस्ती. असा नग पुन्हा तापवला तर कथील चांदीत उतरतं आणि खड्डे पडतात. ठेवताना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकानेच काळ्या रेघा उमटतात.