२९ वर्षं म्हातारा माणूस दिसलाच नाही?

कन्हानकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, 'राजपुत्राने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलं, घाबरला आणि बायकोमुलाला झोपेत टाकून पळाला. जग दुःखमय आहे एवढंच शिकवलं. निराशेचा धर्म.' वाचून रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

सिद्धार्थाने घर सोडलं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याचं कुळ शाक्यांचं. शाक्य भातशेतीवर जगणारे लोक, संथागारात म्हणजे सभागृहात बसून निर्णय घेणारे. अशा घरातल्या माणसाला २९ वर्षांत एक म्हातारा दिसू नये? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत हीच शंका घेतली आणि ग्रंथात वेगळं कारण मांडलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि शेजारचे कोलिय यांचं भांडण पेटलं, शाक्यांच्या सभेने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि देशत्याग पत्करला. सगळी सभा एका बाजूला असताना एकट्याने नाही म्हणायला छाती लागते. त्याला पळपुटा म्हणता?

पालीचा विद्यार्थी:
ताई, अर्धं बरोबर आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची गोष्ट त्रिपिटकातल्या (बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथांतल्या) दीघनिकायात आहे, पण ती गौतमाच्या आधीच्या विपस्सी नावाच्या बुद्धाची. गौतम स्वतःबद्दल अरियपरियेसन सुत्तात सांगतात की आईवडील रडत असताना मी केस काढले आणि काषाय वस्त्रं घातली. म्हणजे चोरून पळणं नाहीच. पण रोहिणीचं भांडण अट्ठकथेत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथात, येतं तेव्हा ते बुद्ध झालेले आहेत आणि मिटवायला आलेले आहेत. गृहत्यागाचं कारण म्हणून ते तिथे नाही. आवडतं म्हणून ते पुराव्यात घालू नका.

निवृत्त मास्तर:
मग त्रिपिटकातल्याच सुत्तनिपातातलं अत्तदण्ड सुत्त कुठे ठेवता? आटलेल्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसं पाहून मला भय वाटलं, असं तिथे बुद्धच म्हणतात. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी, पालीच्या अभ्यासकांनी, गृहत्यागाची कारणं शोधताना याच सुत्तावर बोट ठेवलं होतं. नदीचं नाव नसेल, भांडण आहे.

पालीचा विद्यार्थी:
भांडण आहे. मान्य. नदी नाही.

निवृत्त मास्तर:
आणि निराशेचं म्हणाल तर वैद्य रोग सांगतो, कारण सांगतो, बरा होईल म्हणतो आणि औषध देतो. पहिलंच वाक्य ऐकून दवाखान्यातून उठून आलेल्या माणसाने वैद्याला नावं ठेवू नयेत. बुद्धाच्या चार आर्यसत्यांपैकी पहिलं दुःखाचं असलं तरी तिसरं दुःखनिरोधाचं, म्हणजे दुःख संपण्याचं आहे.

ठाणेकर:
तुम्ही मंडळी सोयीचं तेवढं घेता. बायको गेल्यावर मी दहा दिवस विपश्यनेला बसलो आणि त्यानेच सावरलो. तिथे कळलं की कर्म आणि पुनर्जन्म काढले तर धम्माचं नुसतं समाजकारण उरतं. बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांवरही शंका घेतली. त्रिपिटकातलं मानायचं नसेल तर बौद्ध म्हणवून घेऊ नये.

कन्हानकाठ:
आम्ही बौद्ध की नाही, हे तुम्ही ठरवणार? बाबासाहेबांनी धर्मांतरावेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली अकरावी अष्टांगिक मार्गाची आहे, आणि चौथं सत्य म्हणजे तोच मार्ग. पुनर्जन्मही बाबासाहेबांनी सरसकट नाकारला नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा मानला, आत्म्याचा नाही.

आता माझं ऐका. माझ्या आजीची घागर पाणवठ्यापासून लांब ठेवायला लावत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतत. तहानलेल्या लेकराला घेऊन ती उन्हात उभी राहायची, आणि तिला सांगितलं जायचं, 'मागच्या जन्मी पाप केलंस, आता मुकाट भोग.' १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला ती नागपूरच्या त्या मैदानावर पांढरं लुगडं नेसून उभी होती, ते हे वाक्य पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून. तेच तुम्ही मला परत शिकवताय.

ठाणेकर:
मी तसं म्हटलं नाही. आवाज चढवू नका. आत्मा मीही मानत नाही. भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला सांगितलंच आहे, एका दिव्याने दुसरा लावला तरी पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जात नाही. मला एवढंच कळतं की बायको पूर्ण विझली, हे माझ्याने म्हणवत नाही.

पालीचा विद्यार्थी:
दोघांनी त्रिपिटकातल्या संयुत्तनिकायातलं सीवक सुत्त वाचा. माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच का, असं सीवक विचारतो. बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, आबाळ, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. सगळं पूर्वकर्माचं म्हणणारे चुकतात, असं ते स्पष्ट म्हणतात. पुनर्जन्म त्रिपिटकात आहे, हे माझं म्हणणं कायम. पण आजीला सुनावलेलं ते वाक्य बुद्धाचं नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

ठाणेकर:
आठवं आहेच की.

कन्हानकाठ:
असू द्या. माझ्या आजीचं सातवं होतं.

ठाणेकर:
हो. सातवंच.